एक सिलिंडर आणि सहा सिलिंडर

मौजे हिवरे बाजार, तालुका नगर, हे गाव आज जलसंधारणामुळे आणि पोपटराव पवार यांच्या कारभारामुळे सर्वश्रुत झाले आहे. परंतु या अवर्षणग्रस्त मुलखात विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आले आणि बैलगाडीच्या जोडीला लारी आली, तेव्हा इथल्या कुणब्याच्या कानाला ज्या दोन भिन्न आवाजांचा परिचय झाला, त्याची दखल इतिहासकार सहसा घेत नाहीत. विहिरीवर खडकीचे किर्लोस्कर किंवा सातारारोडचे कूपर एका सिलिंडरावर धापा टाकीत चाले. दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, आणि मधला सारा काळ अवजड चाकाच्या पुण्याईवर. लारीत मात्र सहा सिलिंडर एका रांगेत उभे असत, फेरीच्या दर तृतीयांशाला स्फोट होई, आणि एकाचा जोर पुरता ओसरण्यापूर्वीच दुसऱ्याचा सुरू होत असल्यामुळे भरली गाडी चढणीवरही अडखळल्यावाचून, एका संथ गुंजारवात वर जाई.

या सहा सिलिंडरांच्या घराण्यातील एक थोर मूळपुरुष म्हणजे १९२९ साली शेवरलेटने काढलेले इंजिन. त्या कंपनीची धनीण जनरल मोटर्स हिने आदल्याच वर्षी मुंबईस, शिवडी येथे, गाड्या जुळविण्याचा कारखाना थाटला होता. मोटार, अर्ध्या टनाचा पिकअप आणि दीड टनाची लारी या तिघींना एकच इंजिन, ही त्यातली खरी खुबी. एकीचा सुटा भाग दुसरीला चाले. पिस्टन बिडाचे, आणि बोल्ट असे ओबडधोबड की अमेरिकेत त्या इंजिनाला शेगडीच्या बोल्टांवरूनच टोपणनाव पडले. कनेक्टिंग रॉडच्या बुडाशी पळीसारखा एक पत्रा असे. तो दर फेरीस तेलात बुडून ते वर उडवी, आणि तेवढ्यावर रॉडची बेरिंगे तग धरीत. सामर्थ्य म्हणाल तर अवघे पन्नास अश्वशक्तींच्या आतबाहेर. या इंजिनांची कीर्ती सामर्थ्याची होती असे मला वाटत नाही. बीड मुबलक, गती मंद आणि दाब माफक, म्हणून ती टिकत, आणि बिघडलीच तर झाडाखाली बसलेल्या मिस्तरीला उलगडत.

थंडीच्या पहाटे लारीचा किन्नर (क्लीनर) पुढे उभा राहून हँडल मारी. अंगठा मुठीत न मिटता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही त्याची पहिली तालीम. कारण इंजिनाने उलटा झटका दिला की मिटलेला अंगठा मोडलाच म्हणून समजावे.

१ जून १९४८ रोजी सरकारी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे–अहमदनगर मार्गावर (नगरकर हे अगत्याने सांगतात, आणि का सांगू नये?), आणि ती होती बेडफर्ड, म्हणजे जनरल मोटर्सच्याच विलायती शाखेची कन्या; त्या काळच्या बेडफर्डमध्ये साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे.

पुढे पेट्रोलची सद्दी सरली. १९५४ साली टाटांनी डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास ट्रक बांधावयास आरंभ केला. त्यांचे डिझेल इंजिनही सहाच सिलिंडरांचे, सुमारे साडेचार लिटरचे. तो करार १९६९ साली संपला, तरी सहाचा आकडा सुटला नाही: टाटांच्या पुढील ‘६९७’ इंजिनाच्या नावात सहा म्हणजे सिलिंडर आणि सत्त्याण्णव म्हणजे सिलिंडराचा मिलिमीटरांतील व्यास. १९७२च्या दुष्काळात, जेव्हा हिवऱ्यातली माणसे पोटामागे गाव सोडून चालली होती आणि दुष्काळी कामांवर सुकडी हा पौष्टिक खाऊ वाटला जात होता, तेव्हा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मिलो ज्वारीची पोती वाहणाऱ्या ट्रकांत हाच वंश नांदत होता. घाटांच्या चढणीवर त्याचा आवाज रात्री दुरून ऐकू येई.

आता हिवऱ्यात पाणी आहे, त्याचा दरसाल ताळेबंद मांडला जातो, शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई आहे. कांदा आणि दूध नगरला नेणारे आजचे पिकअप बहुधा चार सिलिंडरांवर, किल्लीच्या एका पिळाने सुरू होतात, आणि ते चालविणाऱ्या पोराला अंगठा कोठे ठेवावयाचा हे कोणी शिकविलेले नसते.