गडवाटांवरचा बदलता प्रवासी

सह्याद्रीतील गिरिभ्रमणाला शिस्त लावली ती १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'गिरिविहार'सारख्या संस्थांनी. त्या काळी गडांवर जाणारा वर्ग मोजकाच होता: महाविद्यालयीन तरुण, इतिहासाचे अभ्यासक आणि गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने वेड लावलेले वाचक. एसटीची मुक्कामाची गाडी गाठायची, पायथ्याच्या देवळात पथारी टाकायची आणि पहाटे चढू लागायचे, हा शिरस्ता. वाट शोधणे, दोर बांधणे, पाणी पुरवून पिणे हे सारे नवखा जाणत्यांच्या मागे चालत शिकत असे.

एकविसाव्या शतकात हे चित्र पालटले. आठवडाभर संगणकासमोर बसणारे नोकरदार, त्यांत तरुणीही मोठ्या संख्येने, शुल्क भरून शनिवारी रात्रीच्या खासगी बसने निघतात. ओढ असते ती मोकळ्या हवेची, नव्या ओळखींची आणि (का नाकारावे?) छायाचित्रांची. त्यात गैर काही नाही. मात्र सोबती दर खेपेस नवे असल्याने ती जुनी उमेदवारी उरलेली नाही. जुलै २०२३ मध्ये लोहगडावर वाट तुंबून पर्यटक काही तास अडकून पडले होते. अपघात घडल्यावर दोर घेऊन दरीत उतरतात ते आजही प्रामुख्याने लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे, जुन्या पद्धतीने तयार झालेले स्वयंसेवक.