बाटली भरली कशी? फ्लिंटचं पाणी आणि शिशाची चाचणी

पाण्यात शिसं आहे का, हे तपासायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. मी आज त्याच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल बोलणार आहे, म्हणजे घरातल्या नळाखाली बाटली धरली जाते त्या वेळेबद्दल.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. पैसे वाचवण्यासाठी २५ एप्रिल २०१४ रोजी शहरानं डेट्रॉइटहून येणारं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. हे पाणी धातू जास्त खाणारं होतं. नळ्यांच्या आतला संरक्षक थर टिकवणारं फॉस्फेट त्यात घातलंच नाही. मग जुन्या शिशाच्या जोडनळ्यांमधून शिसं पाण्यात उतरू लागलं.

लीअॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरचं पाणी फेब्रुवारी २०१५ मध्ये शहरानं तपासलं. शिसं निघालं १०४ पीपीबी, म्हणजे पाण्याच्या अब्ज भागांत १०४ भाग. सरकारला पावलं उचलावी लागत ती पातळी तेव्हा होती १५. त्यांच्या घरातली नळजोडणी प्लास्टिकची होती, त्यामुळे शिसं बाहेरच्या जोडनळीतूनच येत असणार. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी त्याच घरातले तीस नमुने तपासले. सर्वांत कमी आकडा दोनशेच्या वर, सर्वांत जास्त १३,२००. पाच हजारांच्या वर गेलं की तिथं घातक कचरा म्हणतात!

तरीही शहराचा अधिकृत अहवाल म्हणत होता, सगळं ठीक आहे. ते कसं?

नियम १९९१ चा. पाणी नळीत निदान सहा तास स्थिर राहिल्यावर, सकाळी उठल्या उठल्या, पहिलं एक लिटर बाटलीत घ्यायचं. रात्रभर नळीला लागून राहिलेल्या पाण्यात शिसं जास्त असतं, म्हणून ही अट. पण फ्लिंटमध्ये लोकांना दिलेल्या सूचनेत होतं की आदल्या रात्री नळ पाच मिनिटं वाहता सोडा. नियमाचं अक्षर पाळलं गेलं, पण साठलेलं शिसं मोरीत वाहून गेलं. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर माणूस धार बारीक ठेवतो, आणि बारीक धारेनं नळीतले शिशाचे कण सुटत नाहीत. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते की यंत्रानं कुठेच चूक केली नाही. त्याला दिलेलं पाणी त्यानं अचूक मोजलं.

पुढची करामत कागदावर झाली. शहराकडे ७१ नमुने होते. ते चढत्या क्रमानं लावून नव्वद टक्क्यांच्या जागी येणारा आकडा बघतात. तो १५ च्या वर जात होता. मग दोन नमुने वगळले, ६९ उरले, आणि आकडा आला ११. वगळलेल्यांत वॉल्टर्सबाईंचा १०४ होता. कारण दिलं, त्यांच्या घरी फिल्टर आहे.

एडवर्ड्स यांच्या चमूनं मग तीनशे संच फ्लिंटला पाठवले. प्रत्येकात तीन बाटल्या: एक पहिल्या पाण्याची, दुसरी ४५ सेकंद नळ सोडल्यानंतरची, तिसरी दोन मिनिटांनंतरची. शहरातल्या लोकांनी घरोघरी फिरून अडीचशेहून अधिक संच भरून परत पाठवले. प्रयोगशाळेत बाटलीच्या भिंतीला चिकटलेलं शिसं सुटावं म्हणून आधी आम्ल घालतात, मगच मोजतात. नव्वद टक्क्यांच्या जागचा आकडा आला २५ च्या वर. त्याच सप्टेंबरमध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे जाहीर केले, आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला शहर परत डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. मुलांनी तोवर दीड वर्ष ते पाणी प्यायलं होतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं कळवलं: आदल्या रात्री नळ सोडायला सांगू नका, नळाची जाळी काढायला लावू नका, बाटली रुंद तोंडाची द्या.

आपल्याकडे आयएस १०५०० मानकात शिशाची मर्यादा १० पीपीबी आहे. मात्र जंतूंच्या तपासणीसाठी नमुना घेताना नळ थोडा वेळ वाहू द्यायचा असतो, आणि तीच सवय हाताला असते. तुम्ही कोचीत असा, इंदुरात असा की बेळगावात, शिशासाठी पाणी तपासायला देणार असाल तर नमुना नेणाऱ्याला विचारा, बाटली पहाटेच्या पहिल्या पाण्याची हवी की नळ सोडल्यानंतरची? आणि जे उत्तर मिळेल ते अहवालावर लिहून घ्या.