मूल होत नाही? मग आधी सुनेचीच तपासणी का?

लग्नाला दोन वर्षं झाली की आपल्याकडे प्रश्न सुनेला विचारतात. मग डॉक्टर, नवस, उपास, अंगारे-धुपारे, सगळं तिच्याच वाट्याला. नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही कुणाला कळू न देता. हा समज इतका घट्ट कसा बसला, ते शोधत मी जरा मागे गेलो.

जुनी कल्पना अशी की पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे शेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ही उपमा सविस्तर आहे. बी चांगलंच असं एकदा धरलं, की पीक न येण्याचा दोष शेतावरच जाणार. त्याच अध्यायात मूल न होणारी बायको असेल तर आठव्या वर्षी आणि फक्त मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी दुसरी करायची मुभा नवऱ्याला आहे. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलही बाई नुसतं द्रव्य पुरवते, घडण पुरुषाची, असंच म्हणत होता.

आता गंमत बघा. नियोगाची चर्चाही त्याच नवव्या अध्यायात आहे. महाभारतात शापामुळे पांडूला स्वतःचं मूल होऊ शकत नव्हतं, हे कुणी लपवलेलं नाही. चरकसंहितेत शुक्रदोष सांगितले आहेत. म्हणजे दोष पुरुषातही असतो, हे जुन्यांना ठाऊक होतं. घरात ते बोलणं सोयीचं नव्हतं, एवढंच.

पुढे विज्ञानाने शेताची कल्पनाच मोडली. १६७७ मध्ये लेव्हेनहूकने शुक्राणू पाहिले. १८२७ मध्ये फॉन बेअरला सस्तन प्राण्याचं बीजांड सापडलं. म्हणजे बी दोघांचंही! १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी किड्यांवर अभ्यास करून दाखवलं की नर की मादी हे शुक्राणूवर ठरतं. माणसातही तसंच आहे. तरी आजही मुलगी झाली की बोल आईलाच.

कायद्यालाही यात पडावं लागलं. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने हिंदूंमध्ये बायको असताना दुसरी करणं बंद झालं, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर. २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर एक स्वतंत्र कलमच आहे: अलौकिक शक्तीने मूल देतो सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा. असं कलम लिहावं लागलं, यावरून किती बायकांना एकटं बाबाच्या दारात पाठवलं गेलं असेल, विचार करा.

आज डॉक्टर सांगतात की मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. धडधाकट, संसार नीट चाललेल्या माणसाचेही शुक्राणू कमी असू शकतात. मर्दानगीशी त्याचा संबंध नाही. वीर्यतपासणी साधी आहे, सुई नाही, भूल नाही. बाईच्या कितीतरी तपासण्या याहून त्रासाच्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरकडे जावं. आणि सासूबाईंनो, पहिला प्रश्न या वेळी लेकाला विचारा.