इम्प्लांटआधी ‘हाड भरावं लागेल’ असं सांगितलं असेल तर

दंतवैद्यांनी फिटनेससाठी पाठवलेले पेशंट माझ्याकडे येतात, तेव्हा बीपी-शुगरपेक्षा त्यांच्या मनात दुसराच प्रश्न असतो. “डॉक्टर, हाड कमी आहे म्हणतात. खरंच भरावं लागतं का, की बिल वाढवायचं काम आहे?” मी दंतवैद्य नाही. पण नांदेड-लातूर भागात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की नीट लिहून ठेवतो.

दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. आपल्याकडे दाढ काढून पाच-सात वर्षं तसंच राहणं नवीन नाही. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. भोवती पुरेसं हाड नसेल तर तो धरत नाही, किंवा काही वर्षांनी उघडा पडतो. म्हणून हाड भरण्याचा सल्ला अनेकदा योग्यच असतो. पण तो कशावरून दिला, हे विचारा. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची रुंदी कळत नाही, ती सीबीसीटी स्कॅनमध्ये दिसते. स्क्रीनवर मोजून दाखवा म्हणा, चांगला दंतवैद्य आनंदानं दाखवतो. काही वेळा आखूड इम्प्लांट, ब्रिज किंवा कवळीनंही काम भागतं.

भरतात ते काय?

तुमचंच हाड हनुवटीतून किंवा खालच्या अक्कलदाढेच्या मागून घेता येतं. ते उत्तम जुळतं, पण दुसरी जखम होते. बाकी पर्याय म्हणजे दात्याचं प्रक्रिया केलेलं मानवी हाड, जनावराचं हाड, किंवा कॅल्शियम-फॉस्फेटची कृत्रिम पावडर. जनावराचं बहुधा गाय-बैलाचं असतं, आणि वर झाकायचा कोलॅजनचा पडदा गाईचा किंवा डुकराचाही असू शकतो. तुम्ही माळकरी असा, जैन, लिंगायत किंवा मुसलमान, हे आधीच विचारा. संकोच करू नका. पाकिटावर लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा पर्याय मिळतो. ऑपरेशन झाल्यावर कळलं तर मनाला लागतं, असे पेशंट मी पाहिलेत.

वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. तिथं हाड पातळ असेल तर पोकळीचं अस्तर हळूच वर उचलून खाली हाड भरतात, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. त्यानंतर साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. भरलेलं हाड पक्कं व्हायला 4 ते 6 महिने, कधी त्याहून जास्त लागतात. घाई केली तर तुमचंच नुकसान.

हिरडीचं ग्राफ्ट वेगळं. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी साधारण 2 मिमी तरी असावी, असं बरेच दंतवैद्य मानतात. ती नसेल तर ब्रश लागून दुखतं, पेशंट ब्रश टाळतो, घाण साचते आणि सूज येते. यासाठी टाळूवरून पातळ तुकडा घेऊन लावतात. समोरच्या दातांत हिरडी जाड दिसावी म्हणूनही हे करतात. खरं सांगायचं तर लावलेल्या जागेपेक्षा टाळूच जास्त दुखते, आठवडा-दहा दिवस. तिखट ठेचा तेवढे दिवस बंद.

आता माझ्या खात्यातलं. ग्राफ्टला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तो आजूबाजूनं यावा लागतो. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, आणि घरातल्या बायका मिसरी लावतात ती तर कुणी ‘तंबाखू’त धरतच नाही. मिसरी हाही तंबाखूच आहे. फिटनेससाठी आल्यावर मी हे मुद्दाम विचारतो. सोडणं जमत नसेल तर पैसे खर्च करण्याआधी दंतवैद्यांना तसं स्पष्ट सांगा.

शुगर असेल तर एचबीए1सी 7 च्या आसपास आणा. 8 च्या वर असेल तर मी सहसा थांबायला सांगतो. हाडं ठिसूळ झाल्यावरच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा दिलं जाणारं इंजेक्शन, म्हणजे अलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, घेतलं असेल तर जुनी चिठ्ठी शोधून दाखवाच, कारण यानं जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

खर्च झेपत नसेल तर लातूर आणि नांदेडच्या दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या विभागात चौकशी करा. तिथं फी सहसा कमी असते, फेऱ्या मात्र जास्त होतात.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस मिठाच्या खड्यासारखे दोन-चार कण तोंडात आले तर घाबरू नका. टाळूतून रक्त आलं तर स्वच्छ ओला गॉज 15-20 मिनिटं दाबून धरा, सारखं थुंकू नका. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, पू किंवा ताप आला, रक्त थांबेना, किंवा भूल उतरूनही ओठ बधिरच राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दंतवैद्यांना गाठा.