सूर मोजणारे यंत्र

आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. म्हणून मोबाइलवरचे ॲप स्वरज्ञान शिकवते असे कानी येताच आमचा पहिला प्रश्न हाच, की रात्रपाळी करून आलेल्याला या गुरूचे दार उघडे आहे काय?

दार उघडण्याचा हा उद्योग जुना आहे. अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो या साधूने रेघांवर स्वर मांडले. दहा वर्षांची विद्या एकदोन वर्षांत येईल, असा त्याचा दावा होता. मठातील बांधवांच्या मत्सरामुळे त्याला पोंपोसाचा मठ सोडावा लागला! आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाणे वर्गात आणले.

पण वहीला कान नसतात. ते संगणकाने दिले. गाणाऱ्याचा सूर संगणकाने तपासण्याचा प्रयोग स्टॅनफर्ड येथील कून व ॲल्विन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. पुढील दशकात डेलावेअर विद्यापीठात हॉफस्टेटर यांनी कान तयार करणारी पाठमाला संगणकावर रचली व तिला नाव दिले ग्विदोचेच. आज तीच विद्या खिशातल्या फोनमध्ये आली आहे. फोन आवाजाची कंपने मोजतो, ठरलेल्या आकड्याशी ताडतो आणि सूर चढला की उतरला ते सांगतो.

आता तो आकडा ठरवला कोणी? सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पाश्चात्त्य पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० वर बसतो. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ वर असतो. पियानोच्या मापाचे काटेकोर यंत्र तंबोऱ्याशी जुळलेल्या गळ्याला उतरलेला म्हणेल. असल्याच आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी केली होती.

मजुरी मापावर ठरते तेव्हा माप कोणाचे ते आधी विचारावे, हा आमच्या चळवळीचा जुना धडा आहे. यंत्राशी आमचे वैर नाही. ते थकत नाही, चुकलेल्याला हसत नाही, जात विचारीत नाही. गरिबाच्या पोराने ते जरूर वापरावे. मात्र यंत्राने नापास केले म्हणून गाणे सोडू नये. आधी तंबोरा लावून ऐकावे, जाणत्याला विचारावे. कदाचित चूक गळ्याची नसून मापाची असेल.