इ. स. २००८ चा कोसीचा ‘महापूर’ : एका नांवाची छाननी

इ. स. २००८ च्या ऑगस्ट महिन्यांत नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यांत आणि बिहारच्या सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया या पांच जिल्ह्यांत जो जलप्रलय झाला, त्यास सरकारी कागदांत व वृत्तपत्रांत सर्रास ‘कोसीचा महापूर’ असें म्हटलेलें आढळतें. हें नांव बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आम्हीं प्रस्तुत लेखांत हातीं घेतला आहे. ही नुसती शब्दांची कसरत आहे असें कोणी म्हणेल. परंतु घटनेस जें नांव पडतें त्यावरूनच पुढील पिढी तिचें कारण ठरविते. आणि येथें तर त्या कारणावर तीस लाखांहून अधिक लोकांच्या हालअपेष्टांचा जाब अवलंबून आहे.

कोसी म्हणजे आपल्या ग्रंथांतील कौशिकी. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडांत विश्वामित्र रामास सांगतात कीं, आपली थोरली बहीण सत्यवती ही पति ऋचीक याच्या मागून सदेह स्वर्गास गेली आणि लोकहितासाठीं नदीरूपानें वाहूं लागली. महाभारताच्या वनपर्वांतील तीर्थयात्रेंतहि ती आहे. या कथा इतिहासाचें साधन म्हणून आम्ही पुढें करीत नाहीं. मात्र मिथिलेच्या लोकांनीं तिला विवाहितेच्या ऐवजीं स्वैर फिरणारी कुमारिका मानिलें, ही गोष्ट तिच्या स्वभावाच्या निरीक्षणांतून आली असावी असें आम्हांस वाटतें. फिरोजशहा तुघलकाच्या बंगालवरील पहिल्या स्वारीच्या प्रसंगीं ही नदी उतरतांना प्रवाहाचा वेग मोडण्यासाठीं हत्तींच्या रांगा पाण्यांत उभ्या कराव्या लागल्या, असें शम्स-इ-सिराज अफीफ लिहितो.

इंद्रावती, सुनकोसी, तामाकोसी, लिखू, दूधकोसी, अरुण व तमोर अशा सात प्रवाहांची ही नदी तिबेट, नेपाळ व भारत या तीन देशांचें पाणी वाहते. अरुण तर हिमालयाहून जुनी. पर्वत वर येत असतां तिनें आपला मार्ग कापून काढिला. चतरा येथें नदी डोंगराबाहेर पडते, वेग एकदम मंदावतो, आणि बरोबर आणिलेला अपरंपार गाळ सपाटीवर पसरतो. स्वतःच्याच गाळानें पात्र भरलें कीं ती शेजारचा सखल मार्ग धरिते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती पूर्णियाजवळून वाहत होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस सरकली. मागें सोडलेल्या पात्रांस तिकडील लोक ‘धार’ म्हणतात. सुरसर धार, मिरचैया धार हीं नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं.

अशा नदीस बांध घालावे कीं नाहीं, हा वाद नवा नाहीं. १९३७ च्या नोव्हेंबरांत पाटणा येथें भरलेल्या पूरपरिषदेंत बिहारचे मुख्य अभियंते कॅप्टन हॉल यांनींच बांधांविरुद्ध मत दिलें होतें. १९४७ च्या एप्रिलांत निर्मली येथील सभेंत वराहक्षेत्राजवळ मोठें धरण बांधण्याची योजना जाहीर झाली, ती कागदावर राहिली. १९५३ च्या पुरानंतर बांधांचा पक्ष विजयी झाला. २५ एप्रिल १९५४ रोजीं भारत व नेपाळ यांचा करार झाला, १९५५ सालीं काम सुरू झालें, आणि पुढें भीमनगराजवळ ५६ दरवाजांचा बंधारा उभा राहिला. १९६६ सालीं करारांत दुरुस्ती होऊन नेपाळांतील जमीन १९९ वर्षांच्या पट्ट्यानें भारतास मिळाली. बांध नेपाळच्या भूमीवर, त्याची देखभाल बिहार सरकारकडे, ही व्यवस्था तेव्हांपासूनची. दोन बांधांच्या मध्यें तीनशेंहून अधिक गांवें अडकलीं, त्यांचा इतिहास स्वतंत्रच लिहिला पाहिजे. गाळ आतां दोन बांधांमध्येंच सांचूं लागला व पात्र बाहेरील जमिनीहून उंच होत गेलें.

आतां मुख्य पुरावा. बांधांची योजना दर सेकंदास साडेनऊ लाख घनफूट पाण्यासाठीं होती. १८ ऑगस्ट २००८ रोजीं, बंधाऱ्याच्या वरच्या अंगास सुमारें बारा किलोमीटरांवर कुसहा येथें पूर्वेचा बांध फुटला, तेव्हां नदींत पाणी होतें सुमारें दीड लाख घनफूट, म्हणजे योजिलेल्याच्या एकषष्ठांशाहून थोडेंसेंच कमी. भर पावसाळ्यांत एवढें पाणी या नदीस नित्याचें आहे. बांधाच्या संरक्षक धक्क्यांची झीज त्यापूर्वीं कांहीं दिवस चालू होती. दुरुस्ती वेळेवर कां झाली नाहीं याबद्दल दोन्ही देशांनीं एकमेकांकडे बोट दाखविलें. फुटलेल्या जागेंतून नदीचें बहुतेक सर्व पाणी पूर्वेस वळलें व सुरसर, मिरचैया इत्यादि जुन्या धारांनींच खालीं गेलें.

आम्ही संस्कृतचे शिक्षक. पण शाळेंत माणूस कमी पडला कीं भूगोलाचा तास आमच्या गळ्यांत पडे. ‘कोसी म्हणजे बिहारचे दुःखाश्रू’ हें वाक्य आम्हीं मुलांकडून किती वर्षें घोकून घेतलें याचा हिशेब नाहीं. त्या वाक्यांत अपराध सगळा नदीचा ठरतो, हें तेव्हां सुचलें नाहीं.

नांवाचा परिणाम मदतकार्यावरहि झाला. पूर म्हटला कीं तो चढतो, कांहीं दिवस राहतो व ओसरतो, अशी अपेक्षा असते. येथें नदीच येऊन गांवांतून वाहूं लागली होती; ती ओसरणार कोठें ? बांधाच्या पूर्वेकडील लोकांनीं पन्नास वर्षें कोसीचें पाणी पाहिलेलें नव्हतें. म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या, घरोघरीं नावा राहिल्या नाहींत. बांध फुटल्याची वार्ता येऊनहि कित्येकांनीं घर सोडलें नाहीं, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. रस्ते व लोहमार्ग तुटल्यावर सैन्य, नौदल व राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल यांच्या नावांनीं लोक बाहेर काढावे लागले; विमानदलानें वरून अन्नाचीं पाकिटें टाकिलीं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं २८ ऑगस्ट रोजीं विमानांतून पाहणी करून ही राष्ट्रीय आपत्ति असल्याचें जाहीर केलें व एक हजार कोटि रुपये आणि सव्वा लाख टन धान्य मंजूर केलें. मदत मोठी होती यांत शंका नाहीं. पण बांध फुटून तोंवर दहा दिवस झाले होते. सुनसरींत विस्थापितांनीं शाळांचा आसरा घेतला, महामार्ग तुटल्यानें पूर्व नेपाळचें दळणवळण खुंटलें. तिकडील छावण्यांत सीमेपलीकडून आलेलीं भारतीय कुटुंबेंहि होतीं. पाण्यानें दोन्हीकडच्यांस एकाच शाळेच्या ओटीवर आणून बसविलें, आणि तेथें तरी कराराचीं कलमें कोणी काढलीं नाहींत.

आमच्या मतें या घटनेस ‘कुसह्याची बांधफूट’ म्हणावें. याउलट ५ ऑक्टोबर १९६८ रोजीं नदींत नऊ लाखांहून अधिक घनफूट पाणी आलें व पश्चिमेचा बांध जमालपूरकडे फुटला, त्यास महापूर म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस नेपाळांत मुसळधार पाऊस पडून दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्या वेळीं बंधाऱ्यांतून दर सेकंदास ६ लाख ६१ हजार घनफूट पाणी सोडावें लागलें व दरभंगा जिल्ह्यांत पश्चिमेचा बांध फुटला, तोहि महापूरच. त्या रात्रीं नदींत २००८ च्या चौपटीहून अधिक पाणी होतें, आणि कुसह्याचा बांध टिकला.