दिवाडी ते डिचोली : एका धर्मप्रांताच्या नेतृत्वाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. ख्रिस्ती धर्मप्रांताचा इतिहास हा नदीपलीकडचा, तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींचा, अशी डिचोली-पेडण्यात आपली समजूत असते. ती अगदीच निराधार नाही. डिचोली आणि सत्तरी हे महाल १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांना मिळाले. तोपर्यंत सोळाव्या शतकातील धर्मांतराचा आवेश ओसरला होता आणि नव्या मुलखातील लोकांच्या धर्माचारात हात न घालण्याचे आश्वासन राज्यकर्त्यांनी दिले होते. तथापि या सत्तांतराच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, डिचोली विजापूरच्या आदिलशाहीत असताना, लॅटिन चर्चच्या पहिल्या भारतीय बिशपांनी आपले ठाणे याच डिचोलीत मांडले होते. ते असे का झाले, याचा विचार आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम या धर्मप्रांताचे स्वरूप पाहू. १५३४ च्या पोपच्या आज्ञापत्राने गोव्याचा धर्मप्रांत अस्तित्वात आला. १५५८ मध्ये त्याला आर्चबिशपच्या पीठाचा दर्जा मिळाला. तिसवाडी, दिवाडी, चोडण अशा मांडवीच्या मुखाजवळच्या बेटांवर त्याचे केंद्र होते, पण अधिकारक्षेत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंत पसरलेले होते. कोचीन, मलाक्का, मकाव, जपानातील फुनाई येथील बिशप गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारकक्षेत येत. इतक्या विस्तीर्ण क्षेत्रासाठी बिशप निवडायचा अधिकार मात्र पोर्तुगालच्या राजाकडे होता. पाद्रोआदो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेनुसार राजाने चर्चचा खर्च सोसायचा आणि त्याच्या मोबदल्यात धर्माधिकाऱ्यांची नावे सुचवायची, असा तो करार होता. राजाने सुचविलेली नावे अर्थातच पोर्तुगीजांची असत. गोमंतकीय ख्रिस्ती माणूस फार तर गावच्या इगर्जीत साहाय्यक पाद्री होई. त्यावरची पायरी त्याच्यासाठी नव्हती.

मातेउस द कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण कुटुंबात झाला. बार्देशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पंथीयांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पाद्री होण्याची त्यांची इच्छा गोव्याच्या आर्चबिशपांनी मान्य केली नाही. तेव्हा या तरुणाने पोर्तुगीज जहाजाचा नाद सोडला आणि इराणमार्गे खुष्कीच्या वाटेने १६२५ मध्ये थेट रोम गाठले.

रोममध्ये ते योग्य वेळी पोहोचले, असे म्हणावे लागते. जगभरच्या धर्मकार्याचे नियंत्रण राजांच्या हातून आपल्याकडे घ्यावे, या हेतूने पोपने १६२२ मध्ये प्रोपागांडा फीदे ही संस्था स्थापन केली होती. धर्मप्रसार स्थानिक पाद्रींच्या हातून व्हावा, असा तिचा विचार होता. या विचाराला हवे तसे उदाहरण आपण होऊन रोमच्या दारात चालत आले होते. मातेउस यांनी तेथे अध्ययन केले व पाद्रीपदाची दीक्षा घेतली. परंतु रोमने दिलेली अधिकारपत्रे घेऊन ते गोव्यात परतले तेव्हा ती पत्रेच येथे मानली गेली नाहीत. पुन्हा रोमची वाट धरावी लागली. तेथे १६३७ मध्ये त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला आणि विजापूरच्या राज्यासाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली.

श्रोतेहो, या १६३७ सालाचे महत्त्व तुलनेने अधिक कळेल. इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चने भारतातला आपला पहिला धर्मप्रांत १८१४ मध्ये कलकत्त्यास आणि मुंबईचा धर्मप्रांत १८३७ मध्ये स्थापन केला. त्या चर्चला पहिला भारतीय बिशप, दोर्नकलचे व्ही. एस. अझरया, १९१२ मध्ये लाभला. म्हणजे दिवाडीच्या या पुत्राचा अभिषेक त्याच्या तब्बल २७५ वर्षे आधी झाला होता. आणि तरीही जन्मभूमीत त्यांना बिशप म्हणून वावरता येईना.

मग ते नदी ओलांडून डिचोलीस आले. मांडवीच्या फाट्यापलीकडचा हा मुलूख आदिलशहाचा होता. तेथे पाद्रोआदोचा हुकूम चालत नव्हता. आदिलशहाने त्यांना डिचोली, बांदा आणि वेंगुर्ले या तीन ठिकाणी प्रार्थनामंदिरे उभारण्यास अनुमती दिली. नकाशावर ही तीन ठिकाणे जोडून पाहावीत. पेडणे महाल त्यांच्या मधोमध येतो. पोर्तुगालच्या ख्रिस्ती राजाने जे नाकारले ते विजापूरच्या मुसलमान सुलतानाने दिले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. डिचोलीत राहून मातेउस यांनी गोमंतकीय तरुणांना पाद्रीपदाची दीक्षा दिली. गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी या दीक्षांच्या वैधतेबद्दल वाद उपस्थित केला.

मातेउस यांच्या आधी दिवाडीहून डिचोलीस आणखी कोणी आले होते, याची आठवण येथे करून देणे उचित होईल. कदंबांचे कुलदैवत असलेला श्री सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी ते देवालय पाडल्यावर लिंग नदीपार डिचोली महालातील नार्वे येथे आणले गेले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील देवालयाचा जीर्णोद्धार झाला. एकाच बेटावरून, एकाच सत्तेच्या दडपणामुळे हिंदूंचे दैवत आणि ख्रिस्त्यांचे बिशप दोघेही याच महालाच्या आश्रयाला आले. हा योगायोग मला केवळ योगायोग वाटत नाही. बेटांवरची सत्ता आपल्या चौकटीत न बसणाऱ्या प्रत्येकाला पैलतीरी लोटत होती, हे त्यामागचे कारण आहे.

मातेउस यांचे चित्र निव्वळ उज्ज्वल रंगात रंगविणे मात्र अनैतिहासिक ठरेल. स्वभावाने ते उग्र होते. १६५३ मध्ये त्यांनी 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाचे एक आवाहनपत्र लिहिले आणि गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना अन्यायाविरुद्ध उभे राहण्यास सांगितले. १६५४ मध्ये विजापूरच्या सैन्याने गोव्यावर स्वारी केली, तेव्हा तिला त्यांचीच चिथावणी असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी केला. वेंगुर्ल्यास १६३७ पासून डचांची वखार होती, त्यामुळे संशयाला आणखी खतपाणी मिळाले. शिवाय, ज्या समतेसाठी ते झगडले तिचा पैस मुख्यतः आपल्या जातीपुरता राहिला. गावडा, कुणबी, खारवी समाजातला ख्रिस्ती त्या आरशात दिसत नव्हता. स्वतःसाठी मागितलेला न्याय खालच्या पायरीवरच्याला देण्याची वेळ आली की भल्याभल्यांची दृष्टी अधू होते. पुढे ते रोमला परतले आणि अखेरची वर्षे त्यांनी तेथेच घालविली.

तथापि त्यांनी उभा केलेला प्रश्न मिटला नाही. त्यांच्यानंतर विजापूर व गोवळकोंडा या क्षेत्राची जबाबदारी १६६९ मध्ये कुस्तोदिओ द पिन्यो या गोमंतकीयाकडेच आली. १६८७ मध्ये जुजे वाझ हे गोमंतकीय पाद्री वेषांतर करून सिंहलद्वीपात उतरले. डच अमलामुळे तेथे कॅथलिक पाद्रींना बंदी होती. वाझ आणि त्यांच्यामागून गेलेल्या गोमंतकीय सहकाऱ्यांनी त्या बेटावरील चर्च तगवून धरले. स्वतःच्या बेटावर ज्यांना दुय्यम मानले गेले, त्यांनी दुसऱ्या बेटाचे नेतृत्व समर्थपणे केले. २०१५ मध्ये जुजे वाझ यांना संतपद मिळाले.

घरी मात्र कोंडी कायम होती. १७८७ मधील पिंटोंच्या बंडाच्या मुळाशी, वरच्या पदांवरून डावलल्या गेलेल्या गोमंतकीय पाद्रींचा असंतोष होता. त्यातील एक अग्रणी पाद्री जुजे आंतोनियो गोन्साल्विस दिवाडीचेच. कट फुटला आणि १७८८ मध्ये पंधरा जणांना देहान्त शासन झाले. १८३५ मध्ये धार्मिक पंथांची गोव्यातून उचलबांगडी झाल्यावर इगर्जींचा कारभार स्थानिक पाद्रींकडे आला, पण आर्चबिशपची गादी पोर्तुगीजांकडेच राहिली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस हे पहिले गोमंतकीय आर्चबिशप झाले. धर्मप्रांताच्या स्थापनेपासून याला ४४४ वर्षे लागली. त्यांच्यानंतर २००४ मध्ये आलेले फिलिप नेरी फेर्राव यांना २०२२ मध्ये कार्डिनलपद लाभले. २००५ मध्ये सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि मातेउस यांचे बांदा व वेंगुर्ले त्यात गेले.

या इतिहासातून मी एवढेच घेतो की, कोणतीही संस्था ज्यांना शिकविते त्यांच्यातूनच नेतृत्व घडविण्यास कचरू लागली, तर तिची उत्तम माणसे नदी ओलांडून जातात. हा नियम धर्मपीठाला लागू आहे तसाच शाळेला, सहकारी सोसायटीला आणि ग्रामपंचायतीलाही. ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे, त्यांनी वर्गात पुढच्या आणि मागच्या बाकात भेद केला नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. माजी विद्यार्थ्यांनो, आज आपण अनेक ठिकाणी अधिकाराच्या जागी आहात. आपल्या हाताखालून शिकून तयार झालेला, पण अजून दाराबाहेर उभा असलेला माणूस कोण, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.